सतर्कतांक सत्त्याण्णव

बेचाळीस तासांत जेमतेम दोन तास झोपूनही डॉ. शलाका कवठेकरला साधी जांभई आली नव्हती. सकाळचे साडेदहा वाजले होते. सावरखेडच्या तीन इस्पितळांतल्या सहा शस्त्रक्रिया उरकून ती सातवीसाठी हात धूत उभी होती. डाव्या कानामागे चिकटवलेल्या नखाएवढ्या पट्टीवर हिरवा ठिपका होता आणि मनगटावरच्या घड्याळात आकडा झळकत होता. सतर्कतांक सत्त्याण्णव.

"मॅडम, घोटभर चहा घ्या आणि अर्धा तास गाडीत पडा," तिचे मदतनीस गफूरभाई दारातून म्हणाले. "पित्ताशयाचंच ऑपरेशन आहे. ते काय पळून जातंय?"

"मला झोप येत नाहीये, गफूरभाई."

"तेच म्हणतो मी. यायला पाहिजे."

शलाकाने वळून पाहिलं. गफूरभाईंच्या चेहऱ्यावर तिला एक तिरकस छटा दिसली. हल्ली ती वरचेवर दिसायची. आपल्याला काही येत नाही, आपण सोंग आणतोय, असं या माणसाला वाटतं की काय? तिने नळ बंद केला आणि आत गेली.

लातूर सत्तर किलोमीटर आणि बिदर पंचावन्न, अशा आडजागी वसलेल्या सावरखेड तालुक्यात शलाका ही एकुलती एक भूलतज्ज्ञ होती. शल्यविशारद पाच, बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर चार, आणि या नऊ जणांच्या पेशंटना भूल द्यायला ती एकटी. गफूर शेख सतरा वर्षं तिच्याबरोबर होते. तिची गाडी तेच चालवत, भुलीच्या सामानाची पेटी तेच उचलत, औषधं भरून हातात देत. शिकलेले दहावीपर्यंत. पण टेबलावरची बाळंतीण थरथरायला लागली की तिच्या डोक्याशी उभं राहून "माय, भिऊ नको, आमच्या मॅडम हायेत" असं म्हणत ते तिला ज्या रीतीने शांत करायचे, ते कुठल्याच औषधाला जमत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका ऑपरेशनच्या वेळी शलाका स्टुलावर बसल्या बसल्या पेंगली होती. पाच-सहा सेकंदच. गफूरभाईंनी खांद्याला धक्का दिला म्हणून निभावलं. पेशंटला काही झालं नाही, पण त्या पाच-सहा सेकंदांनी शलाकाच्या मनात घर केलं. म्हणून २०३९ च्या जूनमध्ये जिल्ह्यातल्या इस्पितळांच्या संघाने 'जागर' पट्टी आणली, तेव्हा यादीत पहिलं नाव तिने स्वतःचं घातलं.

पट्टीमागचं शास्त्र सरळ होतं. मेंदूच्या पेशी दिवसभर काम करतात, ऊर्जा खर्च करतात, आणि त्या खर्चातून अडेनोसिन नावाचं रसायन मागे उरतं. जाग जितकी लांबते तितकं ते साठत जातं, पेशींवरच्या ठरावीक जागा पकडून बसतं आणि पेशींना मंद करतं. डोळे जड होतात, लक्ष सुटतं, हात चुकतो. कॉफी त्या जागा तेवढ्यापुरत्या अडवते. रसायन मात्र बाहेर साठतच राहतं, आणि कॉफीचा जोर ओसरला की एकदम अंगावर येतं. जागर पट्टी अडेनोसिनच मोडून टाकायची. कातडीतून झिरपणारं तिचं औषध मेंदूतल्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, वेग वाढवायचं, आणि साठा वाढण्याआधीच त्याचा निचरा व्हायचा. चोवीस तासांत दोन तासांची गाढ झोप पुरे. शिवाय तीच पट्टी मेंदूच्या लहरी मोजून सतर्कतांक दाखवायची. नव्वदच्या खाली आकडा गेला तर ऑपरेशनला हात लावायचा नाही, असा संघाने नियमच केला.

पहिले दोन महिने शलाकाला नवा जन्म मिळाल्यासारखं वाटलं. किती वर्षांनी तिने पुस्तकं वाचली. पेशंटच्या श्वासातला बारीकसा फरक तिला यंत्राआधी कळायचा. त्या वर्षी पावसाळ्यात तालुक्यातली एकही बाळंतीण भुलीअभावी लातूरला पाठवावी लागली नाही. आकडा कधी पंच्याण्णवच्या खाली उतरला नाही.

घरी मात्र काहीतरी बिनसत चाललं होतं. तिचा नवरा नितीन कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा. मितभाषी माणूस. ऑगस्टमधल्या एका रविवारी तो ओट्याशी भाजी चिरत होता.

"आठ्या कशाला घातल्यास?" शलाकाने विचारलं.

"आठ्या? कांदा चिरतोय मी."

"मी आले की तुझा चेहरा असा का होतो, ते विचारतेय."

नितीनने सुरी खाली ठेवली. "शलाका, हे या आठवड्यात चौथ्यांदा झालं. परवा मी टीव्ही बघत होतो, तर तू म्हणालीस मी तुला हसतोय. मी बातम्या बघत होतो ग. तू ती पट्टी आठवडाभर काढ."

"पट्टीचा काय संबंध? आकडा बघ." तिने मनगट पुढे केलं. "तुझा किती असेल? साठ? आपल्या दोघांत नीट कुणाला दिसतंय, सांग."

नितीनच्या कानामागे पट्टी नव्हती आणि हातात आकडा नव्हता. दिवाळीनंतर त्याने नांदेडला बदली मागून घेतली. जाताना दारात म्हणाला, "माझा चेहरा हा असा आहे. दुसरा कुठून आणू?"

शलाकाला तेव्हाही त्याच्या डोळ्यांत तिरस्कारच दिसला. बरं झालं, असं ती मनाशी म्हणाली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, जयश्री मोरतळे नावाची तेवीस वर्षांची अंगणवाडी सेविका सिझेरियनसाठी टेबलावर होती. पाठीतून भूल दिली की रक्तदाब थोडा उतरतो, तसा तिचाही उतरला. शलाकाने तो वाढवणारं नेहमीचं सौम्य औषध मागितलं. गफूरभाईंनी औषधाची काचेची ऍम्प्यूल पुढे धरली, तिने नाव वाचलं, मान हलवली. त्यांनी ती फोडली, भरली, सिरिंज तिच्या हातात दिली.

अर्ध्या मिनिटात रक्तदाबाचा आकडा दोनशे साठवर गेला. हृदयाचे ठोके गाडी घसरल्यासारखे वेडेवाकडे झाले. शलाकाचे हात विजेसारखे चालले, आणि ती इतकी जागी नसती तर जयश्री टेबलावरच गेली असती, हे पुढे सगळ्यांनीच कबूल केलं. बाळ सुखरूप होतं. जयश्रीचा जीव वाचला, पण मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. बोलणं गेलं.

सिरिंजमध्ये उरलेला थेंब तपासला तेव्हा त्यात भलतंच, फार जहाल औषध निघालं. ऍम्प्यूलवरचं नाव तर तिने स्वतः वाचलं होतं. मग हे आत आलं कुठून?

शलाकाने तो क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणला. आकडा चढू लागताच तिने मान वर करून गफूरभाईंकडे पाहिलं होतं. आणि ते हसत होते. ओठांचे कोपरे वर गेलेले, डोळ्यांत विचित्र चमक. याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पंधराच दिवसांपूर्वी पेटी नीट न लावल्याबद्दल तिने त्यांना नर्सेससमोर फैलावर घेतलं होतं. आता सगळं जुळत होतं.

संघाची तीन जणांची चौकशी समिती बसली. तिच्यासमोर शलाका म्हणाली, "गफूर शेख यांनी ऍम्प्यूल मला दाखवली एक आणि सिरिंज भरली दुसरीतून. चूक झालेला माणूस घाबरतो. ते हसत होते."

अध्यक्षांनी घटनेच्या वेळचा तिचा सतर्कतांक नोंदवून घेतला. सत्त्याण्णव. मग गफूरभाईंना विचारलं, "तुम्ही किती तास जागे होता?"

"एकोणीस, साहेब."

"पट्टी?"

"आम्हाला कोण देतंय, साहेब? ती डॉक्टर लोकांना हाये." मग शलाकाकडे वळून ते म्हणाले, "मॅडम, सतरा वर्षं झाली. तुम्ही बोला ना. म्या असं करीन का?"

शलाकाने त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. त्या चेहऱ्यावर तिला उर्मटपणा दिसला. तिने मान अध्यक्षांकडे वळवली.

ऑपरेशन थिएटरमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण समितीने तीनदा पाहिलं. तिघांनीही अहवालात लिहिलं, 'कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधानाचा भाव स्पष्ट दिसतो.' त्या अहवालावर जयश्रीच्या भावाने फिर्याद दिली. गफूरभाईंना अटक झाली. जामीन होईपर्यंत एकोणीस दिवस गेले, आणि तेवढ्या दिवसांत गावाने त्या हसण्याला आपापल्या परीने अर्थ लावले. नाव गफूर शेख असल्यावर अर्थ लावायला गावाला फारसे कष्ट पडले नाहीत. त्यांच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी डांबराने लिहिलं. जामिनावर सुटले त्याच दिवशी ते बायकोला घेऊन बिदरला मुलीकडे निघून गेले.

फेब्रुवारीत पुण्याहून डॉ. ऋता पेंढारकर आल्या. त्या मेंदूवर संशोधन करायच्या आणि पट्टी वापरणाऱ्या डॉक्टरांना गावोगाव जाऊन भेटत होत्या. त्यांनी शलाकासमोर एक पडदा ठेवला. त्यावर एकामागून एक चाळीस चेहरे येणार होते. प्रत्येक माणूस कसा वाटतो तेवढं सांगायचं.

शलाकाने भराभर सांगितलं. रागावलेला. कुत्सित. रागावलेली. शांत. धमकावतोय. चाळिसापैकी एकतीस चेहरे तिला वाईट वाटले.

"यातले खरोखर रागावलेले किती होते?" तिने सहज विचारलं.

"एकही नाही," पेंढारकर म्हणाल्या. "ओळखपत्रासाठी काढलेले फोटो आहेत हे. फोटोवाला म्हणाला सरळ बघा, आणि लोकांनी सरळ बघितलं. रात्री नीट झोपणारी माणसं यातले चार-पाच चेहरे रागीट म्हणतात."

शलाका हसली. मग तिचं हसू ओसरलं. "माझा सतर्कतांक शहाण्णव आहे."

"असणारच. तुमची सतर्कता अव्वल आहे. पण सतर्कता म्हणजे काही अख्खी झोप नव्हे." पेंढारकरांनी कागदावर एक रेघ ओढली. "ही रात्र समजा. पहिल्या भागात गाढ झोप असते, ती तुम्हाला दोन तासांत मिळते. स्वप्नांची झोप मुख्यतः पहाटेच्या बाजूला असते, आणि तुम्ही तिच्या आधीच उठता. मेंदूत नॉरअड्रेनलिन नावाचं सावधपणाचं रसायन असतं. चोवीस तासांत ते जवळजवळ शून्यावर येतं ते फक्त स्वप्नांच्या झोपेत. तेवढ्या वेळात मेंदू दिवसभराच्या भीतीची धार काढतो, आणि धोका ओळखणाऱ्या केंद्रावर विचार करणाऱ्या भागाचा लगाम पुन्हा घट्ट होतो. तुमचा लगाम आठ महिने सैल आहे. समोर साधा चेहरा आला तरी ते केंद्र धोका म्हणून ओरडतं."

"मग मला कळलं कसं नाही?"

"एरवी कळतं. जागरण झालेला माणूस चिडचिडा होतो, पण त्याला झोपही येत असते. तो म्हणतो, जाऊ दे, मी दमलोय. तुम्ही दमतच नाही. त्यामुळे जे दिसतं ते खरंच आहे असं वाटतं."

शलाकाने त्याच दिवशी पट्टी काढली. पहिला आठवडा ती आजारी माणसासारखी झोपली आणि इतकी स्वप्नं पडली की जाग आल्यावर धाप लागलेली असायची. पट्टी नाही म्हणजे आकडा नाही, आणि आकड्याशिवाय नियमानुसार तिचं काम बंद झालं. त्या महिन्यात सावरखेडहून अकरा बाळंतिणींना लातूरला पाठवावं लागलं. दहा पोचल्या.

मार्चमध्ये शेजारच्या जिल्ह्यात तशीच दुर्घटना घडली. तपासात निघालं की औषधाच्या कारखान्यातच लेबलांची अदलाबदल झाली होती. सौम्य औषधाच्या खोक्यात काही ऍम्प्यूल जहाल औषधाच्या होत्या, वर नाव मात्र सौम्य औषधाचं. सावरखेडला आलेला माल त्याच घाण्यातला होता. म्हणजे गफूरभाईंनी दाखवली तीच ऍम्प्यूल फोडली होती आणि शलाकाने बरोबर तेच वाचलं होतं.

तिने थिएटरमधलं चित्रण मागवून घेतलं. घरी बसून, आठ तास झोपून उठलेल्या सकाळी, तिने ते लावलं. दोनशे साठ. गफूरभाई वर पाहतात. ओठ ताणलेले आहेत, दात आवळलेले आहेत, डोळे भरून आले आहेत. त्यामुळे चमकत आहेत. लेकीला अपघात झालेला पाहणाऱ्या बापाचा चेहरा होता तो. तिने ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा. हसू कुठेच नव्हतं.

तिने नितीनला नांदेडला फोन केला. तो त्याच संध्याकाळी आला. त्याने चित्रण दोनदा पाहिलं.

"पण समितीतल्या तिघांना तरी दिसायला हवं होतं," तो म्हणाला.

"तिघंही डॉक्टर, नितीन. तिघांच्याही कानामागे पट्टी होती."

तिने समितीला नऊ पानांचं पत्र लिहिलं. चाचणीचा निकाल जोडला, लेबलांचा अहवाल जोडला, आपली साक्ष मागे घेत असल्याचं लिहून खाली सही केली. महिन्याने उत्तर आलं. 'घटनेच्या वेळी साक्षीदाराचा व समिती सदस्यांचा सतर्कतांक विहित मर्यादेपेक्षा अधिक असल्याने मूळ निष्कर्षात बदल करण्याचे कारण दिसत नाही. लेबलांबाबतची नवी माहिती संबंधित यंत्रणेकडे पाठवण्यात येत आहे.' एक निष्कर्ष बदलला असता तर पट्टी लावून घेतलेले हजारो निर्णय उकरावे लागले असते, आणि ते कुणालाच नको होतं. खटला रेंगाळत राहिला.

मेच्या कडक उन्हात शलाका स्वतः गाडी चालवत बिदरला गेली. गफूरभाईंची मुलगी रेहाना एका शाळेत शिक्षिका होती. तिने दार उघडलं, ओळखलं, आणि बाजूला झाली.

गफूरभाई खाटेवर बसले होते. निम्म्याने उतरले होते. "या मॅडम," ते म्हणाले. उठले नाहीत.

शलाकाने सगळं सांगितलं. चेहरे, लेबलं, चित्रण, पत्र. मध्ये एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. शेवटी म्हणाली, "चूक माझी होती, गफूरभाई. पूर्ण माझी."

त्यांनी समितीचं उत्तर हातात घेतलं, चष्मा सापडेना म्हणून रेहानाकडे दिलं. तिने वाचून दाखवलं.

"म्हणजे म्याच केलं," गफूरभाई म्हणाले.

"नाही हो. तुम्ही काही केलं नाहीत."

"कागदावर म्याच." त्यांनी कागदाची घडी घालून तो तिला परत दिला. मग जरा वेळाने, जुन्या सवयीच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, एक काम करा. झोपेची एखादी गोळी लिहून द्या. डिसेंबरपासून झोप न्हाई. कोठडीत लाइट बंदच करत नव्हते, तवापासून जी गेली ती गेली. डोळा लागला की बाईचा हात दिसतो, त्या जयश्रीचा."

"किती तास होते झोप?"

"दीड. कधी दोन." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि इथं ऱ्हायचं कसं? जावई हसून बोलतो, पण आतून जळतो. मला दिसतं ना. रेहानाची आईसुद्धा हल्ली कशी बघती... सगळ्यांना मी जड झालोय."

शलाका हातातल्या पेनाकडे बघत राहिली. तिने सौम्य गोळी लिहिली, डोस समजावून सांगितला, आणि ही गोळी फार तर टेकू देईल, बाकीचं सावकाश होईल, असंही सांगितलं. त्यांनी मान हलवली. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, ते कळलं नाही.

रेहाना तिला सोडायला पायरीपर्यंत आली. शलाका हलक्या आवाजात म्हणाली, "ते तुम्हा सगळ्यांबद्दल जे बोलतात, ते मनावर घेऊ नका. झोप नसली की समोरच्याचा चेहरा उलटा दिसतो. त्यांना समजावून सांगा, की दिसतंय तसं नाहीये. तुमच्या मिस्टरांनाही सांगा."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"माझ्या नवऱ्याने सांगितलं होतं. तुमच्या अब्बांनीही."

"ऐकलंत तुम्ही?"

"नाही."

"मग ते आमचं कसं ऐकतील?" रेहाना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत एखादं गणित विचारावं तसं तिने विचारलं. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

शलाका गाडीपाशी पोचली तेव्हा आतून गफूरभाईंचा आवाज आला. ते कुणावर तरी ओरडत होते. सतरा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. मग भांडं आपटलं, आणि रेहानाच्या आईचं रडणं रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागलं.